पेन धरायला पाठवलंय, पक्कड धरायला नाही

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये शाळा सुटताना एका आईने मला गेटवर थांबवलं. हातात छत्री, साडीचा पदर खोचलेला, कामावरून थेट आलेल्या, चार घरची धुणी-भांडी करतात त्या. मुलगी नववीत, माझ्याच वर्गात. म्हणाल्या, मॅडम, तुम्ही पोरीच्या हातात पक्कड देता असं कळलं. आम्ही आयुष्यभर हातानेच काम केलं, तिला पेन धरायला शाळेत पाठवलंय, पक्कड धरायला नाही.

मला काही बोलताच आलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्यांचं मला पटलं होतं, आणि जे मी रोज शिकवते तेही मला तितकंच पटलेलं आहे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात घेऊन मी पीएमटीच्या बसला उभी होते (पीएमपीएमएल म्हणतात आता, आमच्या तोंडात पीएमटीच बसलंय).

मी पुण्यातल्या एका महापालिकेच्या माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मल्टीस्किल शिकवते. स्वतः औंध आयटीआयची, इलेक्ट्रिशियन ट्रेड. नंतर अप्रेंटिसशिप, मग काही वर्षं विजेच्या कंट्रोल पॅनलचं काम, आणि आता ही नोकरी. शिक्षक म्हणून डीएड-बीएड नाहीये माझ्याकडे, मला इन्स्ट्रक्टर म्हणतात, पोरं मॅडमच म्हणतात.

विषय काय आहे ते आधी सांगते, कारण पालकांनाच काय, बऱ्याच शिक्षकांनाही माहिती नसतं. चार भाग असतात. एक वर्कशॉपचं काम म्हणजे पत्रा, लाकूड, वेल्डिंगची ओळख, थोडं बांधकाम. दुसरा वीज आणि ऊर्जा. तिसरा शेती, नर्सरी, झाडं. चौथा घर आणि आरोग्य, त्यात पदार्थ बनवणं, चिक्की, सरबत, आणि शरीराची तपासणी पण येते. ह्याचं मूळ पाबळला आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, शिकागोला पीएचडी केलेला, हिंदुस्थान लिव्हरमध्ये काम केलेला माणूस सगळं सोडून एका दुष्काळी गावात जाऊन बसला आणि दहावी नापास पोरांना घेऊन घरं बांधायला, पाण्याचं सर्वेक्षण करायला, वायरिंग करायला लागला. त्यांचं म्हणणं असं की माणूस काम करता करता शिकतो, हीच शिकण्याची खरी पद्धत आहे, आणि ती फक्त मागे पडलेल्या मुलांसाठी नाही तर सगळ्यांसाठी. ह्या वाक्याचा शेवटचा अर्धा भाग लोक विसरतात, त्यावर पुढे येतेच.

तर रॉडची गोष्ट. मला हीच खरं लिहायची होती.

त्याच वर्षी डिसेंबरात थंडी चांगली पडली होती आणि एका आठवड्यात वर्गातल्या तीन जणींनी येऊन सांगितलं की घरचा बोर्ड जळला. वास येतो, प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं, मग एक दिवस पिन आतच चिकटून बसते. तिघींच्या घरी एकच कारण, पाणी तापवायचा रॉड. वस्तीतल्या घरात गीझर नसतो, गॅस परवडत नाही म्हणून आंघोळीचं पाणी रॉडवर. मी म्हटलं उद्या रॉड घेऊन या, आणि जळालेला बोर्ड पण.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बादली, दहा लिटर पाणी, थर्मामीटर, टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) असं सगळं मांडलं. आधी नियम, बटण बंद केल्याशिवाय आणि पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, हे तिघींकडून तीन वेळा म्हणून घेतलं. रॉडवर लिहिलेलं होतं १५०० वॉट. घरचा व्होल्टेज २३०. मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही, म्हटलं करंट किती येईल ते तुम्ही काढा. वॉटला व्होल्टने भागायचं हे दहावीच्या पुस्तकात येतं, विद्युतधारेचे परिणाम म्हणून धडा आहे, ह्या पोरी नववीत, पण भागाकार तर सगळ्यांना येतो. साडेसहा अँपिअर आलं. टाँग टेस्टर लावला तर ६.३, कारण त्या दिवशी व्होल्टेज जरा कमी होता. मग जळालेल्या बोर्डाचं सॉकेट उलटं करून दाखवलं, त्यावर बारीक अक्षरात ६ए लिहिलेलं, म्हणजे सहा अँपिअरपर्यंतच. एक मिनिट कोणीच बोललं नाही. मग मागून एक जण म्हणाली, मॅडम म्हणजे रोज सकाळी आपण त्याच्या डोक्यावर जास्तीचं ओझं देतोय. त्यात पिन सैल असली की अजून गरम होतं, आणि दोघींच्या घरी तर पिन बसत नाही म्हणून वायरी सोलून सरळ सॉकेटमध्ये खोचून माचिसच्या काड्या ठोकलेल्या. हे वाचताना कोणाला आश्चर्य वाटत असेल तर त्यांनी भाड्याच्या खोलीत दिवस काढलेले नाहीत एवढंच म्हणेन.

आता ह्याच्यावर उपाय काय, तर मी तयारीत होते की आपण १६ अँपिअरचा बोर्ड बनवू. जाड पिनचं सॉकेट, १६ चा स्विच, अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोअर केबल, सगळं सामान मी आदल्या दिवशी तपकीर गल्लीतून आणून ठेवलेलं. पोरींनी केबल सोलली, अर्थची हिरवी तार वेगळी केली, स्क्रू आवळले, सिरीज लॅम्पवर (ओळीत दिवा जोडून) टेस्ट पण झाली. आणि मग तीच मुलगी, जिची आई मला गेटवर भेटली होती, ती म्हणाली, मॅडम पण आमच्या भिंतीतला पॉइंटच सहाचा आहे आणि आतली वायर पण बारीकच असणार, मग हा बोर्ड मी लावू कुठे?

बरोबर होतं तिचं. शंभर टक्के बरोबर. बोर्ड जाड केला तरी भिंतीतली वायर बारीकच राहणार, म्हणजे जळायची जागा फक्त दिव्याच्या बोर्डावरून भिंतीत गेली, जे जास्त धोक्याचं. मीटरपासून वेगळी लाइन ओढायची, त्याला वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण), हे लायसनवाल्या वायरमनचं काम, आणि खोली भाड्याची, घरमालक कशाला खर्च करतोय. मी इतकी वर्षं वायरिंग केलेली बाई, मी सामान आणून मोकळी झाले होते आणि चौदा वर्षांच्या मुलीने आधी प्रश्न विचारला.

मग त्यांनीच डोकं लावलं. रॉडच कमी ताकदीचा घेतला तर? १००० वॉटचा मिळतो. हजाराला २३० ने भागलं, ४.३ च्या आसपास. सहाच्या आत. पण पाणी तापायला वेळ लागणार, किती? म्हणून मोजलं. १५०० च्या रॉडवर दहा लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर यायला साधारण साडेदहा मिनिटं लागली, हिशोबाने नऊ-सव्वानऊ यायला हवी होती, उरलेली उष्णता बादलीने आणि हवेने खाल्ली हे पण त्यांना कळलं. १००० वर सोळा मिनिटांच्या वर. आणि वीज? एक जण म्हणाली कमी वॉटचा म्हणजे बिल कमी. दुसरी म्हणाली नाही, वेळ पण जास्त. दोघींनी गुणाकार केला, तर दोन्हीकडे पाव युनिट, थोडं इकडे-तिकडे. हा वाद मी शिकवून झाला नसता. त्यांनी तो घातला कारण बिल त्यांच्या घरी येतं.

त्या दिवसाच्या वहीत कॉस्टिंग पण लिहिलं. हा मला ह्या विषयातला सगळ्यात आवडता भाग आहे. काहीही बनवलं की मटेरियल किती, वीज-झीज किती, आणि मजुरी किती हे लिहायचंच. पहिल्यांदा सगळी मुलं मजुरीच्या जागी शून्य लिहितात. सगळी, दर वर्षी. आपण केलं ना मॅडम, त्याचे कसले पैसे. मग मी विचारते तुझे वडील बिगारी कामाला जातात ते फुकट जातात का. तेव्हा पेन थांबतं. त्यांच्या घरात सगळ्यात जास्त विकली जाणारी गोष्ट मजुरी, आणि वहीत तिचीच किंमत शून्य.

आमच्या लहानपणी शाळेत कार्यानुभव होता, आठवतोय ना सगळ्यांना? माझ्या शाळेत तरी कार्यानुभव म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून घोटीव कागद आणायचा, आईने किंवा मोठ्या बहिणीने पंखा नाहीतर फुलदाणी करून द्यायची, बाईंनी दहापैकी आठ द्यायचे. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ मध्ये एवढा मोठा विचार करून कामाचा अनुभव शिक्षणात आणा म्हणून सांगितलं, त्याच्याही आधी १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, की हस्तोद्योगातूनच बाकीचे विषय शिकवायचे, आणि त्याच्याही खूप आधी १८८२ ला जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगासमोरच्या निवेदनात प्राथमिक शाळेत हिशोबाबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान द्या अशी मागणी केली. म्हणजे दीडशे वर्षांच्या आसपास आपल्याच मातीतली माणसं हे सांगतायत, आणि माझ्या पिढीपर्यंत पोचला तो घोटीव कागदाचा पंखा.

आता परत चर्चा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराशिवाय सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांसोबत घालवायला मिळावेत, आणि २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा. एनसीईआरटीचं सहावीचं कौशल बोध नावाचं पुस्तक पण आलंय, त्यात जिवंत गोष्टींसोबतचं काम, यंत्र आणि वस्तूंसोबतचं काम आणि माणसांच्या सेवेचं काम असे तीन भाग केलेत. मला ते आवडलं, कारण त्यात आजारी माणसाची काळजी घेणं हे पण काम म्हणून आलं, आमच्या वस्तीतल्या किती बाया तेच करून घर चालवतात.

पण मला जे खुपतं ते लिहिते. शाळेत कोणाला हा विषय द्यायचा हे ठरवताना स्टाफरूममध्ये एक वाक्य ऐकू येतंच, ज्यांचं गणित-इंग्रजी निघणार नाही त्यांना द्या तिकडे. वाईट हेतूने कोणी बोलत नाही, निकालाचं टेन्शन सगळ्यांना असतं. पण त्याने होतं काय, तर हाताचं काम म्हणजे मागे पडलेल्यांचं काम हे मुलाला नववीतच कळतं, न सांगता. आणि महापालिकेच्या शाळेत हे जास्त घातक आहे. इथली मुलं कोणाची, प्लंबरची, रिक्षावाल्याची, धुणं-भांडीवालीची, सफाई कामगाराची. त्यांना आपण शाळेत फक्त हात चालवायला शिकवलं आणि का चालतंय ते शिकवलं नाही तर आपण बापाचं काम मुलाच्या गळ्यात बांधलं, त्यावर सरकारी सर्टिफिकेट लावून. गेटवरच्या आईला हीच भीती होती, तिने ती दोन ओळीत सांगितली. तिकडे मोठ्या फीच्या शाळांमध्ये मुलं रोबोट बनवतात, सोल्डरिंग करतात, आणि त्यांच्या आईवडिलांना अजिबात भीती वाटत नाही, कारण त्यांच्या मुलाला ते काम आवडलं नाही तर सोडून द्यायची मुभा आहे. हाताने शिकणं दोन्हीकडे सारखंच आहे, फरक त्या मुभेचा आहे.

म्हणून माझं म्हणणं इतकंच की हा विषय वर्गातल्या सगळ्यांना द्या, पहिल्या नंबरच्या मुलीला पण, आणि विज्ञानाच्या सरांना आणि मला एकत्र तास घेऊ द्या. आमच्या शाळेत विज्ञानाचे सर गेल्या वर्षीपासून गुरुवारी येतात वर्कशॉपमध्ये, स्वतःहून. जिन्याचं वायरिंग शिकवताना, म्हणजे खालून लावायचं वरून बंद करायचं, दोन टू-वे स्विच, पोरांनी पहिल्या फटक्यात असं जोडलं की दोन्ही बटणं चालू असतील तरच दिवा लागतो. सर म्हणाले थांबा, हे चुकलेलं सर्किट पण कुठेतरी उपयोगाचं आहे, सांगा कुठे. अर्धा तास त्यावर. एका पोराने सांगितलं, वडील ज्या प्रेसवर काम करतात तिथे दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच मशीन खाली येतं, म्हणजे हात आत राहत नाही. सरांनी त्याला पुढे बोलावून फळ्यावर काढायला लावलं. त्या मुलाला मी वर्षभरात एवढं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

हिमोग्लोबिनच्या तपासणीचं पण सांगायचं होतं, आरोग्याच्या भागात येते, मुलींचे आकडे १२ च्या खाली (म्हणजे रक्त कमी) किती जणींचे येतात ते बघून त्याच दिवशी चिक्कीत गूळ-शेंगदाण्यासोबत तीळ आणि अळीव घालायचं ठरतं, पण ते सविस्तर परत कधीतरी.

दहावीत असताना मी त्यांना भोसरीला एका छोट्या युनिटमध्ये नेलं, कंट्रोल पॅनल बनवतात, पंधरा-वीस माणसं, त्यातल्या निम्म्या बायका. वायरीच्या टोकाला लग्ज (धातूची टोपणं) दाबून बसवायच्या, नंबरची फेरूल (छोटी नळी) चढवायची, ड्रॉइंग बघून टर्मिनलला आवळायची. मुलींनी पहिल्यांदा बघितलं की बाई खुर्चीवर बसून, ड्रॉइंग वाचून, विजेचं काम करते आणि शेजारचा पुरुष तिला विचारतो की हा वायर कुठे जातो. मग प्रश्न सुरू झाले. पगार किती? सुट्टी कधी? ओव्हरटाइमचे पैसे वेगळे मिळतात का? रात्री उशीर झाला तर सोडायला गाडी असते का? बायकांचं टॉयलेट वेगळं आहे का? तिथल्या सुपरवायझर ताईंनी एकेक प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं, टॉयलेट नेऊन दाखवलं सुद्धा. आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी दोन वर्षं ओरडून सांगत होते, की मी इथे वायरिंगला लागले, पण ड्रॉइंग काढायला शिकले नाही म्हणून दहा वर्षं तिथेच राहिले, मग संध्याकाळचा क्लास लावला तेव्हा पुढे आले. करिअर गायडन्सचे मी बरेच कार्यक्रम बघितलेत, हॉलमध्ये तीनशे मुलं बसवून प्रोजेक्टरवर डॉक्टर-इंजिनियर-कलेक्टर दाखवतात. त्या टॉयलेटच्या प्रश्नाला तिथे जागा नसते, आणि मुलगी नोकरी टिकवेल की नाही ते त्यावरच ठरतं.

आमच्या नोकरीबद्दल एकच परिच्छेद लिहिते, तक्रार म्हणून नाही, कारण ह्याचा मुलांवर परिणाम होतो. आम्ही सगळे कंत्राटावर, एजन्सीमार्फत. मानधन दोन-दोन तीन-तीन महिने लांबतं. माझ्यासोबतचे दोन चांगले इन्स्ट्रक्टर कंटाळून कंपनीत गेले, एकाचं वेल्डिंग इतकं सुंदर होतं की पोरं जोडावरची मण्यांसारखी रांग बघायला जमायची. वर्षाच्या मध्ये माणूस गेला की त्या बॅचचं वेल्डिंग गेलं. मटेरियलचे पैसे पण उशिरा येतात, मग रविवारी जुन्या बाजारात जाऊन सेकंडहँड पक्कड, स्क्रू ड्रायव्हर घासाघीस करून घ्यायचे, वायर पण एकच तुकडा तीन बॅचने सोलायचा, सोलून सोलून बोटाएवढा होईपर्यंत. हाताने शिकवायचं असेल तर हाताला सामान लागतं, आणि शिकवणारा पुढच्या वर्षी पण तिथेच असावा लागतो.

त्या आई. १००० चा रॉड त्यांनी त्याच आठवड्यात घेतला होता, जुना दुकानदाराने परत घेतला नाही म्हणून थोडी कुरकुर झाली. संक्रांतीनंतर मला परत गेटवर भेटल्या. पक्कडीबद्दल काही बोलल्या नाहीत. पिशवीतून एक इस्त्री काढली, ज्या घरी काम करतात तिथल्या मालकिणीची, बंद पडलेली. पोरीला दाखवा म्हणाल्या. पोरीने उघडली, आत कॉर्डची एक तार तुटलेली होती, नवी कॉर्ड टाकली, मल्टिमीटरने बॉडीला कुठे टच होत नाही ना ते तपासलं, आणि कॉस्टिंग लिहिलं. कॉर्ड एवढी, मजुरी साठ रुपये. मी काही सुचवलं नव्हतं. मालकिणीने पैसे दिले, आईने ते साठ रुपये मुलीच्या कंपासपेटीत वेगळे ठेवले, असं मुलीने सांगितलं.

ती आता दहावी पास झालीय. तिला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय, सरकारी पॉलिटेक्निकला, तीन वर्षं. आईचं म्हणणं अकरावी सायन्स घे, नाव मोठं होतं. मागच्या रविवारी मी त्यांच्या खोलीवर गेले होते, दोन तास बोललो. फी किती, बस कुठून मिळते, डिप्लोमा झाल्यावर इंजिनियरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं का, येतं, मग लग्नाच्या वेळी लोक काय विचारतील, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या दोन्हीकडचे फॉर्म भरू, नंबर लागल्यावर ठरवू. मला ते रास्त वाटलं. निवड करायला मिळतेय तर घाई कशाला.

भिंतीवर रॉड खिळ्याला टांगलेला होता आणि त्याच्याखाली बोर्ड, पांढरा, कुठे पिवळा पडलेला नाही. मी न राहवून हात लावून बघितला.

उत्पन्नाचा दाखला तेवढा अजून निघालेला नाहीये, त्याशिवाय फीची सवलत मिळत नाही. सोमवारी त्यांचं तिसरं घर अकराला सुटतं, मग आम्ही दोघी सेतू केंद्रात जाणार आहोत.